डोंगरीचे एकशे एक दिवस

लोकमान्य टिळकांचा तुरुंगवास म्हटला, की १८९७ चा आणि १९०८ चा राजद्रोहाचा खटला डोळ्यांसमोर येतो. त्याच्या कितीतरी आधी, १८८२ साली, टिळक आणि त्यांचे सहकारी गोपाळ गणेश आगरकर यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात एकशे एक दिवस काढले होते. आरोप राजद्रोहाचा नव्हता. बनावट पत्रांवर विसंबून एका गृहस्थाची बदनामी केल्याचा होता, आणि तो न्यायालयात शाबीत झाला होता. मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात या प्रकरणाची नोंद सहसा गौरवाच्या सुरात केली जाते. दोन तरुण संपादकांनी एका असहाय राजासाठी तुरुंगवास पत्करला, असे सांगितले जाते. ते खोटे नाही, पण पूर्णही नाही. आगरकरांच्या अवघ्या अडतीस वर्षांच्या आयुष्यात हे प्रकरण कोठे बसते, हे पाहिले म्हणजे त्याची दुसरी बाजूही ध्यानात येते.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची अत्यंत गरिबी. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी भटकंती झाली. वाटेत कधी कचेरीत उमेदवारी, कधी दवाखान्यात औषधे तयार करण्याचे काम, कधी नातेवाइकांच्या आश्रयाने दोन वेळचे जेवण. १८७५ साली अकोल्याहून ते मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. अंगावरचा एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी पुन्हा घालावा लागे, ही आठवण त्यांच्या बहुतेक चरित्रांत आढळते. या कॉलेजात त्यांना मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांची गोडी लागली, आणि येथेच त्यांची टिळकांशी गाठ पडली. सरकारी नोकरीत न शिरता लोकशिक्षणाला वाहून घ्यावयाचे, असा निश्चय या दोघांनी कॉलेजच्या परिसरात फिरता फिरता केला. एम.ए. झालेल्या मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागेल, या आशेवर असलेल्या आईला आगरकरांनी पत्र लिहिले, आणि पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सारा वेळ परहितासाठी खर्च करण्याचा आपला बेत कळविला.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. त्याला जोडून छापखाना आला आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८१ मध्ये, इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’ ही दोन साप्ताहिके सुरू झाली. ‘मराठा’ची जबाबदारी मुख्यतः टिळकांकडे होती, तर ‘केसरी’चे संपादक होते आगरकर. त्या वेळी आगरकरांनी वयाची पंचविशीही ओलांडलेली नव्हती. देशी भाषांतील पत्रांवर जाचक बंधने घालणारा १८७८ चा कायदा तेव्हा अस्तित्वात होता. लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत, १८८२ मध्ये, तो रद्द झाला. अशा काळात निर्भीडपणे लिहिणारे मराठी पत्र निघाले, तेव्हा वाचकांनी ते डोक्यावर घेतले. निर्भीडपणा ही या पत्राची मोठी पुंजी होती. पहिल्याच वर्षी त्याची कसोटी लागली ती कोल्हापूरच्या बाबतीत.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असताना १८७० साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांना पुत्र नसल्याने पुढच्या वर्षी एक लहान मुलगा दत्तक घेण्यात आला. हेच चौथे शिवाजी महाराज. संस्थानचा कारभार इंग्रज पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली चाले आणि कारभारी होते रावबहादूर माधवराव बर्वे. महाराज वयात येऊ लागले तसे त्यांच्या मनाचे आरोग्य ठीक नसल्याचे सांगण्यात येऊ लागले. त्यांच्यावर इंग्रज पहारेकरी नेमले गेले. महाराजांना वेड लागलेले नाही, त्यांना छळून वेडे ठरविले जात आहे, अशी कुजबुज कोल्हापुरात आणि पुण्यात वाढू लागली. शिवछत्रपतींच्या गादीचा वारस परक्यांच्या पहाऱ्यात हाल सोसतो आहे, ही कल्पनाच मराठी मनाला चटका लावणारी होती. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी हा विषय जोराने हाती घेतला आणि १८८१ च्या उत्तरार्धात कारभाऱ्यांवर टीकेची झोड उठविली.

इथपर्यंत या पत्रांनी जे केले, ते वृत्तपत्राचे कर्तव्यच होते. एका अल्पवयीन राजाला कसे वागविले जाते, याविषयी प्रश्न विचारणे, चौकशीची मागणी करणे, कारभाऱ्याच्या धोरणावर कडक टीका करणे, यांतील काहीही गैर नव्हते. घोटाळा झाला तो पुढच्या टप्प्यावर. नाना भिडे नावाच्या गृहस्थाने काही पत्रे पुढे आणली. ती बर्वे यांची आहेत असे सांगण्यात आले आणि महाराजांना अपाय करण्याच्या कटात ते सामील असल्याचे त्यांतून सूचित होत होते. जे खरे असावे असे लोकांना आधीपासून वाटत होते, नेमके तेच या कागदांत लिहिलेले होते. पुराव्याची वाट पाहणाऱ्यांच्या हाती पुरावा आला, आणि त्याची पारख होण्याआधीच आरोप छापून झाले.

बर्वे यांनी फौजदारी फिर्याद केली. चरित्रांतून त्यांचे नाव बहुधा खलनायकासारखे येते. परंतु ती पत्रे त्यांनी लिहिली नव्हती, हे पुढे न्यायालयात ठरले. ज्या माणसाने एखादे पत्र लिहिलेलेच नाही, त्याला त्या पत्राच्या आधारे राजघातकी ठरविले गेले, तर त्याने काय करावे? तो कारभारी असो, सरकारच्या मर्जीतला असो किंवा लोकांना अप्रिय असो, आपल्या नावावरील डाग पुसून घेण्यासाठी न्यायालयात जाण्याचा त्याचा हक्क कोणालाही नाकारता येणार नाही. या प्रकरणात एका बाजूला महाराजांवरील अन्यायाचा प्रश्न होता, तसाच दुसऱ्या बाजूला एका व्यक्तीवरील अन्यायाचाही होता. पुण्याच्या उत्साही वातावरणात दुसऱ्या बाजूकडे पाहण्याची कोणाची तयारी नव्हती.

कायदा मात्र दोन्ही बाजू पाहत होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेत अब्रुनुकसानीचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याची रचना बारकाईने समजून घेण्यासारखी आहे. एखाद्याच्या लौकिकाला बाध आणणारा मजकूर प्रसिद्ध करणे हा गुन्हा. त्याला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. पण त्याला अपवाद दिलेले आहेत. मजकूर खरा असेल आणि तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे असेल, तर गुन्हा होत नाही. लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावनेने मत दिले, तरी गुन्हा होत नाही. मात्र सद्भावना या शब्दाची संहितेने व्याख्याच करून ठेवली होती. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली किंवा मानलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेने केली, असे म्हणता येत नाही. म्हणजे हेतू चांगला होता एवढे सांगून भागत नाही. खरेखोटे तपासण्याचे कष्ट घेतले होते, हे दाखवावे लागते. आगरकर आणि टिळक यांचा बचाव नेमका येथेच लंगडा पडला. त्यांच्या हेतूविषयी फारशी कोणाला शंका नव्हती. शंका होती ती त्यांनी केलेल्या पारखीविषयी.

खटला उभा राहिला आणि मदतीचे हात अनपेक्षित दिशांनी पुढे आले. विष्णुशास्त्र्यांनी ‘निबंधमाले’तून ज्यांच्यावर बोचरी टीका केली होती, त्या महात्मा जोतीराव फुले यांच्या शब्दाखातर पुण्याचे रामशेट उरवणे यांनी या दोन संपादकांसाठी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. खटल्याच्या खर्चासाठी ठिकठिकाणी निधी जमू लागला. कोल्हापुरात विद्यार्थ्यांनी या निधीसाठी नाट्यप्रयोग केला, आणि त्यात गोपाळ कृष्ण गोखले हा विद्यार्थीही होता, असे त्याचे चरित्रकार सांगतात. या धावपळीतच १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे निधन झाले. शाळा, छापखाना आणि दोन पत्रे यांचा सारा भार ऐन संकटाच्या वेळी तरुण खांद्यांवर आला.

खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारख्या नामांकित कायदेपंडितांचे साहाय्य आरोपींना मिळाले. परंतु ज्या पत्रांच्या आधारावर इमारत उभी होती, ती पत्रेच खोटी ठरल्यावर बचावाला जागा उरली नाही. संपादकांनी बर्वे यांची माफी मागितली. ती शिक्षा टाळण्यास पुरेशी ठरली नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांनाही चार महिन्यांची साधी कैद फर्मावण्यात आली. पत्रे पुढे आणणाऱ्या भिडे यांच्यावर वेगळा खटला होऊन त्यांनाही शिक्षा झाली. कागद दुसऱ्याने आणून दिला, ही सबब संपादकाला वाचवीत नाही. जो छापतो, त्याने त्या मजकुराची जबाबदारी घेतलेली असते, हे या निकालाने मराठी पत्रकारितेला तिच्या उमेदीच्या काळातच दाखवून दिले.

डोंगरीच्या तुरुंगातील दिवस कष्टाचे होते. कोठडी लहान, अन्न निकृष्ट, डासांचा त्रास, आणि आगरकरांची प्रकृती मुळातच दम्याने पोखरलेली. पुढे वाचन-लेखनाची मुभा मिळाल्यावर आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर हाती घेतले. ते ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. तुरुंगात दोघा मित्रांचे वाद तासन्‌तास चालत. देशाचे काय होणार, राजकीय सुधारणा आधी की सामाजिक, शाळेचे कॉलेज कसे करावयाचे, असे त्या वादांचे विषय असत. बोलण्याच्या भरात आवाज चढे आणि रात्रीचे पहारेकरी येऊन त्यांना गप्प करीत. शिक्षेत सुमारे तीन आठवड्यांची सूट मिळून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांची सुटका झाली. तुरुंगाच्या दारात लोकांनी गर्दी केली, सत्कार झाले, आणि ‘केसरी’ची लोकप्रियता पूर्वीपेक्षा वाढली. ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकात आगरकरांनी हा सारा अनुभव लिहून ठेवला आहे. आपले हाल रंगवून सहानुभूती मिळविण्याचा त्यात आटापिटा नाही. उलट स्वतःकडे गमतीने पाहण्याची वृत्ती आहे.

सुटकेनंतर चौदा महिन्यांनी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, शिवाजी महाराजांचा अहमदनगरच्या किल्ल्यात मृत्यू झाला. त्यांना तेथे ठेवण्यात आले होते आणि ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. महाराजांना नीट वागविले जात नाही, ही ‘केसरी’ची तक्रार निराधार नव्हती, असे तेव्हा अनेकांना वाटले, आणि ते स्वाभाविक होते. पण म्हणून ती पत्रे खरी ठरली नाहीत. या प्रकरणातील सर्वांत जड जाणारी गोष्ट हीच आहे. मूळ संशयात तथ्य असू शकते आणि त्यासाठी दिलेला पुरावा तरीही बनावट असू शकतो. अशा वेळी खोटा पुरावा खऱ्या तक्रारीचेच अधिक नुकसान करतो. न्यायालयात चर्चा झाली ती महाराजांच्या हालांची नव्हे, तर पत्रांच्या खरेखोटेपणाची. संपादक तुरुंगात गेले, आणि ज्याच्यासाठी लेखणी उचलली होती तो तरुण राजा पहाऱ्यातच राहिला.

यानंतर आगरकरांना जेमतेम तेरा वर्षांचे आयुष्य लाभले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी मतभेद वाढत गेले आणि १८८७ मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले. ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ हे मराठी-इंग्रजी पत्र सुरू केले. त्याच्या इंग्रजी बाजूला त्यांनी साथीला घेतले ते गोपाळ कृष्ण गोखले यांना. बालविवाह, विधवांचे केशवपन, जातिभेद, स्त्रीशिक्षण, पोशाख आणि अंत्यविधी, असा एकही विषय त्यांनी वर्ज्य मानला नाही. पुण्यातील सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. ती त्यांच्या दारावरून गेली, पण लेखणी थांबली नाही.

डोंगरीच्या अनुभवाने आगरकर बदलले, असे सरळ विधान करणे धाडसाचे होईल. बुद्धिप्रामाण्याचे बीज डेक्कन कॉलेजातच पडले होते. तरीही त्यांच्या आयुष्याचे हे दोन भाग शेजारी ठेवले, की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. रूढी जुनी आहे किंवा सर्वांना मान्य आहे, एवढ्यावरून ती ग्राह्य मानू नये, तिच्यामागचे कारण विचारावे आणि ते पटले तरच ती पाळावी, हे आगरकरांनी ‘सुधारक’मधून आठवड्यामागून आठवडे सांगितले. सगळ्यांना खरी वाटणारी गोष्ट खरी असतेच असे नाही, हा त्या विचाराचा गाभा. १८८१ साली पुण्यातील जवळजवळ सर्वांना ती पत्रे खरी वाटली होती. त्या वेळी तोच प्रश्न त्या कागदांना विचारला गेला असता, तर खटल्याची वेळच आली नसती.

१८९२ मध्ये वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दमा बळावत होता, तरी अध्यापन आणि पत्र दोन्ही चालू होते. १७ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून वेगळे ठेवले होते, असे सांगतात. ‘केसरी’त मृत्युलेख लिहिताना टिळकांना अश्रू आवरले नाहीत, अशीही आठवण आहे. वर्षानुवर्षांच्या कडवट वादांपलीकडे डोंगरीची ती कोठडी दोघांच्याही मनात शिल्लक असली पाहिजे.

आगरकरांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी त्यांच्या या सहकाऱ्यावर तशीच पाळी आली. १८९७ मध्ये गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची माहिती त्यांना पत्रांतून मिळाली आणि त्यांनी ती तेथील वृत्तपत्रांत प्रसिद्ध केली. मायदेशी परतल्यावर तिला पुरावा मिळेना. तेव्हा गोखल्यांनी माहिती देणाऱ्यांची नावे उघड केली नाहीत, आणि स्वतः बिनशर्त माफी मागितली. त्याबद्दल त्यांना भित्रेपणाचे दूषण सहन करावे लागले. पण सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यावे आणि ज्यांनी विश्वासाने माहिती दिली त्यांना संकटात लोटू नये, ही दोन्ही कर्तव्ये त्यांनी एकाच वेळी पार पाडली.

आज दंड संहिता बदलली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अब्रुनुकसानीची तरतूद आली असून कैद आणि दंडाबरोबर समाजसेवेच्या शिक्षेचा पर्यायही तीत आहे. अब्रुनुकसानी हा फौजदारी गुन्हा असू नये, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अमान्य केला. या कायद्याचा वापर पत्रकारांची तोंडे बंद करण्यासाठीही होतो, ही तक्रार रास्त आहे आणि तिचा विचार व्हायला हवा. पण १९९४ च्या राजगोपाल खटल्यात त्याच न्यायालयाने दिवाणी दाव्यांपुरता एक मोलाचा आधार पत्रकारांना दिला आहे. सरकारी अधिकाऱ्याच्या सार्वजनिक कामाविषयी छापलेला मजकूर चुकीचा निघाला, तरी तो वाजवी पडताळणी करून छापला होता, हे दाखविता आले तर भरपाई द्यावी लागत नाही. म्हणजे चूक होण्याची मुभा आहे. न तपासण्याची नाही. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतही प्रसिद्धीपूर्वी पडताळणीचा आग्रह आहे.

छापखान्याच्या काळात खोटे पत्र तयार करण्यासाठी हस्ताक्षराची नक्कल करावी लागे. आता चित्र, आवाज आणि चलच्चित्र घरबसल्या बनविता येते, आणि ते आठवड्याच्या अंकाची वाट न पाहता काही क्षणांत लाखो लोकांपर्यंत पोहोचते. साधने बदलली, पण खोट्या कागदाची खरी ताकद तेव्हा होती तेथेच आजही आहे. ऐकणाऱ्याला जे ऐकावेसे वाटते, तेच तो सांगतो. म्हणून आपल्या मताला पुष्टी देणारा कागद हाती आला, तर त्याची तपासणी विरोधी मताच्या कागदापेक्षा अधिक कसून करावी लागते. आगरकर आणि टिळक यांच्यासारख्या प्रामाणिक, निःस्वार्थी आणि विद्वान माणसांनाही हे भान सुटल्याची किंमत एकशे एक दिवसांनी मोजावी लागली. ज्यांच्याजवळ त्यांच्या गुणांचा अंशही नाही, त्यांनी तरी ते भान सोडू नये.